एका सीझनमध्ये तीस बॉलपार्क: आखणी, तिकिटं, प्रवास आणि डबा

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये (एमएलबी) संघ तीस. प्रत्येक संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. म्हणजे कुठल्याही शहरात तुम्ही डोळे मिटून जाऊन पोचलात, तर त्या दिवशी मैदान बंद असण्याची शक्यता निम्म्याहून जास्तच. सगळी मैदानं एका सीझनमध्ये पाहायची म्हणणारे बहुतेक लोक आधी नकाशा काढतात, शहरांवरून एक सुंदर रेघ फिरवतात आणि मग वेळापत्रक उघडून कपाळाला हात लावतात. हे काम उलट्या बाजूनं करायचं असतं. आधी तारखा, मग शहरं, आणि विमान-हॉटेल सगळ्यात शेवटी.

एवढी यातायात कशासाठी, असं घरचे विचारतीलच. उत्तर सोपं आहे: बेसबॉलच्या नियमांत आतला चौकोन (त्याचे चार कोपरे म्हणजे बेस, फलंदाज त्यांवरून धावतो) इंचाइंचानं ठरलेला आहे, पण बाहेरच्या मैदानाला ठरावीक आकार नाही. त्यामुळे प्रत्येक बॉलपार्कमध्ये खेळच थोडा बदलतो. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये (१९१२) डावीकडची भिंत जवळ आहे म्हणून ती ३७ फूट उंच बांधलेली. शिकागोच्या रिगली फील्डच्या (१९१४) विटांच्या भिंतीवर १९३७ साली लावलेली वेल आहे आणि चेंडू त्या पानांत अडकला की फलंदाजाला दुसऱ्या बेसपर्यंतच जाता येतं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचावर, हवा विरळ, चेंडू लांब जातो. म्हणून तिथे २००२ पासून चेंडू दमट कपाटात ठेवतात. हे टीव्हीवर कळतं, पण पटत नाही.

तीस की बारा?

तुमच्याकडे वर्षाला दोन-तीन आठवड्यांची रजा असेल आणि घरात शाळेत जाणारी मुलं असतील, तर एका सीझनमध्ये तीसचा हट्ट धरू नका. दहा-बारा मैदानं निवांत पाहणं हा तीस मैदानांच्या धावपळीपेक्षा कितीतरी चांगला सौदा आहे. तरीही तीसच करायची असतील, तर लांब शनिवार-रविवार आणि रजा मिळून पाच फेऱ्या कराव्या लागतात. त्या खाली दिल्या आहेत. कमी करायचं असेल तर त्यातल्या दोन उचला.

वेळापत्रकाची वही

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक साधारण आदल्या उन्हाळ्यात जाहीर होतं. ते आलं की एक्सेलमध्ये एक मोठा तक्ता करा: उभे तीस संघ, आडव्या तारखा. ज्या दिवशी घरचा सामना त्या चौकटीला रंग. सामन्याची वेळही त्याच चौकटीत लिहा, कारण दुपारचा सामना आणि रात्रीचा सामना यांत तुमच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा तक्ता भरायला एक अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ द्या. पुढची सगळी आखणी त्यातूनच निघते.

रंग भरले की काही गोष्टी आपोआप दिसू लागतात.

एक, सोमवार आणि गुरुवार ओसाड असतात. मालिका बहुधा शुक्रवार ते रविवार आणि मंगळवार ते गुरुवार किंवा सोमवार ते बुधवार अशा असतात, आणि संघांचे प्रवासाचे दिवस याच दोन वारांना पडतात. तुमचाही लांबचा प्रवास त्याच दिवशी ठेवा.

दोन, मालिकेचा शेवटचा सामना आठवड्याच्या मधल्या वारी असला तर तो पुष्कळदा दुपारी असतो, कारण पाहुण्या संघाला संध्याकाळी विमान पकडायचं असतं. याला इथे गेटअवे डे म्हणतात. आपल्या कामाचा हा सगळ्यात मोलाचा दिवस. एका शहरात दुपारी एकचा सामना, शेजारच्या शहरात संध्याकाळी पावणेसातचा. एका दिवसात दोन मैदानं. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यात जेमतेम चाळीस मैल आहेत, तिथे हे जमतं. शिकागोचा दुपारचा सामना संपवून नव्वद मैलांवरच्या मिलवॉकीला संध्याकाळी पोचण्याचा बेत मात्र कागदावरच छान दिसतो. त्या वेळच्या ट्रॅफिकमध्ये नऊपैकी दोन-तीन डाव हुकतातच.

तीन, एकाच शहरात दोन संघ असले (न्यूयॉर्कमध्ये यांकीज आणि मेट्स, शिकागोत कब्ज आणि व्हाइट सॉक्स) तर ते सहसा आळीपाळीनं घरी असतात. एक गावाला गेला की दुसरा घरी येतो. त्यामुळे अशा शहरात मालिकांच्या सांध्यावर जायचं: बुधवारी एक, शुक्रवारी दुसरा. या जोड्यांचे सांधे तक्त्यात आधी शोधा आणि बाकीची फेरी त्यांच्याभोवती बांधा. एकटा संघ असलेलं शहर कुठेही बसवता येतं.

चार, जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार सुट्टी असते. ते तीन-चार दिवस नेहमीचे सामने नसतात.

आणि ‘घरचा सामना’ म्हणजे घरच्याच मैदानावर, असं धरून चालू नका. २०२५ मध्ये सिनसिनाटी रेड्सनी अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्धचा एक घरचा सामना टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर खेळला. टॅम्पा बे रेज संघाच्या ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळानं फाडलं आणि २०२५ चा अख्खा सीझन त्यांनी टॅम्पातल्या स्टाइनब्रेनर फील्डवर काढला. अ‍ॅथलेटिक्स संघानं २०२४ नंतर ओकलंड सोडलं. लास व्हेगासचं नवं स्टेडियम होईपर्यंत त्यांचा मुक्काम वेस्ट सॅक्रामेंटोच्या सटर हेल्थ पार्कमध्ये आहे, जिथे जेमतेम चौदा हजार माणसं मावतात. जुन्या ओकलंड कोलिझियममध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले, ही आपल्या लोकांसाठी सांगण्यासारखी गंमत.

पाच फेऱ्या

हवामान पाहून क्रम लावायचा. एप्रिलमध्ये मिनियापोलिस, डेन्व्हर किंवा शिकागोला जाण्यात शहाणपण नाही. बर्फ पडतो, आणि सामना झालाच तर तीन थर घालून कुडकुडत बसावं लागतं. एप्रिल दक्षिणेसाठी ठेवा.

*दक्षिण (एप्रिल):* मायामी, टॅम्पा बे, अटलांटा, ह्यूस्टन, अर्लिंग्टन. मायामी, ह्यूस्टन आणि अर्लिंग्टनच्या मैदानांना सरकतं छप्पर आहे, त्यामुळे पावसाची धास्ती नाही. अटलांटाचं ट्रुइस्ट पार्क शहराबाहेर आहे आणि तिथवर मेट्रो जात नाही. अर्लिंग्टनलाही रेल्वेनं जाता येत नाही. दोन्हीकडे भाड्याची गाडी घ्या किंवा मैदानाजवळचं हॉटेल. ह्यूस्टनहून अर्लिंग्टन अडीचशे मैलांच्या आसपास, सरळ आणि कंटाळवाणा रस्ता. डॅलसच्या बाजूला एक दिवस जास्तीचा असेल तर ग्रँड प्रेरीचं क्रिकेट स्टेडियम पाहून या. ते मुळात बेसबॉलचं मैदान होतं, २०२३ मध्ये क्रिकेटसाठी फिरवलं.

*पश्चिम (मे आणि जूनचा पहिला भाग):* सगळ्यात मोठी फेरी, आठ मैदानं. सॅन डिएगोपासून सुरू करा. पेटको पार्कच्या डाव्या कोपऱ्यात जुन्या वेस्टर्न मेटल सप्लाय कंपनीची विटांची इमारत पाडण्याऐवजी मैदानातच सामावून घेतली आहे. तिथून अ‍ॅमट्रॅकची पॅसिफिक सर्फलायनर गाडी समुद्राच्या कडेनं अ‍ॅनाहाइमला जाते, स्टेशन एंजल स्टेडियमच्या शेजारीच. तीच गाडी पुढे लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवर. तिथून सामन्याचं तिकीट दाखवलं की डॉजर स्टेडियमला फुकट बस मिळते. ती घ्याच, कारण डॉजर स्टेडियमच्या पार्किंगमधून रात्री बाहेर पडणं हा वेगळाच खेळ आहे. १९६२ चं हे मैदान ५६,००० माणसांचं, लीगमधलं सगळ्यात मोठं.

सॅन फ्रान्सिस्कोचं ओरॅकल पार्क खाडीला चिकटून आहे. उजवीकडे मारलेला षटकार थेट पाण्यात, आणि तो झेलायला लोक होड्या घेऊन थांबलेले असतात. उजव्या भिंतीच्या कमानींतून बाहेरच्या पदपथावरून थोडा वेळ फुकटात सामना पाहता येतो, तिकिटाला फार पैसे पडत असतील तर हेही लक्षात ठेवा. मेमधली रात्रसुद्धा इथे गारठवते, जाकीट हवंच. सॅक्रामेंटो तिथून रेल्वेनं. फीनिक्स, डेन्व्हर, सिअ‍ॅटल ही तीन सुटी-सुटी विमानानं जोडावी लागतात. डेन्व्हर आणि सिअ‍ॅटलमध्ये विमानतळावरून रेल्वेनं मैदानाच्या जवळ उतरता येतं, म्हणून ही दोन एकेका रात्रीच्या मुक्कामात उरकतात. डेन्व्हरच्या कूर्स फील्डमध्ये वरच्या मजल्यावर विसावी रांग जांभळ्या खुर्च्यांची आहे, बरोबर एक मैल उंचीवर. फोटो काढायला सामन्याआधी जा, नंतर तिथे लोक बसलेले असतात.

*मधला पट्टा (जून-जुलै):* शिकागोची दोन्ही, मिलवॉकी, मिनियापोलिस, सेंट लुइस, कॅन्सस सिटी. शिकागोची दोन्ही मैदानं मेट्रोच्या एकाच रेड लाइनवर: उत्तरेला अ‍ॅडिसन स्टेशन, दक्षिणेला सॉक्स-थर्टी फिफ्थ. रिगलीला दुपारचाच सामना निवडा. तिथे १९८८ सालापर्यंत दिवेच नव्हते आणि आजही रात्रीच्या सामन्यांच्या संख्येवर शहराचं बंधन आहे; ते मैदान उन्हासाठीच बांधलंय. शिकागो ते मिलवॉकी अ‍ॅमट्रॅकनं दीड तास, पण मैदान मिलवॉकी शहरापासून बाजूला आहे. तिथे लोक पार्किंगमध्ये दुपारपासून शेगड्या पेटवून बसतात. शाकाहाऱ्यांनी कणसं न्यावीत, कुणीतरी आपल्या शेगडीवर जागा देतोच. कॅन्सस सिटीचं कॉफमन स्टेडियम (१९७३) त्यातल्या कारंज्यांसाठी पाहायचं, आणि रात्रीचं पाहायचं.

*सरोवरांचा पट्टा (जुलै-ऑगस्ट):* पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, डेट्रॉइट, सिनसिनाटी आणि टोरांटो. ही गाडीनं करायची फेरी. पिट्सबर्ग ते क्लीव्हलँड सुमारे १३० मैल, क्लीव्हलँड ते डेट्रॉइट १७०, डेट्रॉइट ते सिनसिनाटी २६०. तीसपैकी एकच मैदान पाहायची मुभा असेल तर मी पिट्सबर्गचं पीएनसी पार्क सांगेन. सामन्याच्या दिवशी रॉबर्टो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात. शहरातून नदीवरून चालत मैदानात जायचं आणि आत बसल्यावर तोच पूल आणि तेच शहर समोर. क्लेमेंटे हा इथला थोर खेळाडू, १९७२ च्या शेवटच्या दिवशी भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. इथली तिकिटंही इतर मोठ्या शहरांच्या मानानं स्वस्त असतात.

टोरांटो हे अमेरिकेबाहेरचं एकमेव मैदान, आणि आपल्यापैकी पुष्कळांची फेरी इथेच अडते. भारतीय पासपोर्टवर एच-वन-बीवर असलेल्यांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज काही महिने आधी करा आणि परत येताना लागणारा अमेरिकेचा व्हिसा स्टँप चालू आहे का हेही पाहा. ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर हवं. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांना कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. तेवढी धावपळ नको असेल तर टोरांटो फेरीतून काढून एकट्यानं विमानानं करून या.

*ईशान्य (सप्टेंबर):* बॉस्टन, न्यूयॉर्कची दोन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन. सहा मैदानं, एकच रेल्वेमार्ग. इथे गाडी नेलीत तर पार्किंगमध्येच बजेट जाईल. यांकी स्टेडियमला सबवेची चार नंबर किंवा डी लाइन, सिटी फील्डला सात नंबर, फिलाडेल्फियाला ब्रॉड स्ट्रीट लाइनचं शेवटचं स्टेशन, वॉशिंग्टनला ग्रीन लाइनचं नेव्ही यार्ड, फेनवेला केनमोर. एडिसन-आयसलिनकडे कुणी आत्या-मामा राहत असतील (आणि मराठी माणसाचं तिकडे कुणी ना कुणी असतंच) तर मेट्रोपार्क स्टेशनजवळ तळ ठोका. तिथून न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया दोन्ही जाऊन-येऊन होतात. बाल्टिमोरचं कॅम्डेन यार्ड्स (१९९२) नीट फिरून पाहा. उजवीकडची लांबलचक वखार रेल्वेची जुनी. पुढच्या वीस वर्षांत शहराच्या मध्यात, विटा आणि लोखंडाची जी नवी मैदानं झाली, ती सगळी याच्यावरून निघाली.

सिटी फील्डला गेलात की एक आठवण काढता येईल: नोव्हेंबर २०१५ मध्ये सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्नच्या संघांनी इथे, मग ह्यूस्टनमध्ये, मग डॉजर स्टेडियममध्ये क्रिकेट खेळलं होतं. तिन्ही सामने वॉर्नकडे गेले, ते सोडून द्या.

सप्टेंबरमध्ये एक अडचण असते. अमेरिकन फुटबॉल सुरू होतो. फिलाडेल्फिया आणि कॅन्सस सिटीत दोन्ही स्टेडियम शेजारी-शेजारी आहेत. फुटबॉलच्या रविवारी हॉटेलचे दर पाहून घाम फुटतो, म्हणून तिथे मधल्या वारीच जा.

तिकीट कधी आणि किती

भाव मागणीनुसार रोज बदलतात. महाग म्हणजे सलामीचा सामना, शनिवारची रात्र, प्रेक्षकांना खेळाडूंच्या बाहुल्या फुकट वाटण्याचे दिवस आणि यांकीज किंवा डॉजर्स पाहुणे असताना. स्वस्त म्हणजे मंगळवार-बुधवार, एप्रिल-मे, तळाचा पाहुणा संघ. आपल्याला मैदान पाहायचंय, तेव्हा पाहुणा कोण याची फिकीर नको. फेनवे आणि रिगलीची तिकिटं आधी काढा, तिथे शेवटच्या दिवसाची वाट पाहण्यात फायदा नसतो. मायामी किंवा पिट्सबर्गला मधल्या वारी सामन्याच्या दिवशी दुपारी पुनर्विक्रीच्या अ‍ॅपवर भाव उतरलेले दिसतात. मे २०२५ पासून अमेरिकेत शुल्कासकट पूर्ण रक्कम आधीच दाखवणं बंधनकारक आहे, त्यामुळे तुलना सोपी झाली. तिकिटं फोनवरच असतात, तेव्हा एमएलबीचं बॉलपार्क अ‍ॅप घ्या. त्यात मैदानावर हजेरी लावता येते आणि पाहिलेल्या मैदानांची यादी आपोआप तयार होते.

कुठे बसायचं

पहिल्यांदा जाणाऱ्यानं होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो ती जागा) मागे, वरच्या मजल्यावर बसावं. क्रिकेट पाहणारा जसा साइटस्क्रीनच्या रेषेतली जागा शोधतो, तशीच ही. चेंडूची वळणं दिसतात, क्षेत्ररक्षण कसं सरकतं ते दिसतं आणि खालच्या मजल्याच्या निम्म्याहून कमी पैसे पडतात. बहुतेक मैदानं अशी बांधलेली असतात की फलंदाजाचं तोंड पूर्व-ईशान्येला असतं. त्यामुळे दुपारनंतर तिसऱ्या बेसच्या बाजूला आधी सावली येते आणि उजव्या आउटफील्डमधले लोक सूर्याकडे तोंड करून भाजतात. आई-बाबा बरोबर असतील तर तिसऱ्या बेसची बाजू, छताखालच्या मागच्या रांगा. फेनवे आणि रिगलीत मात्र मागच्या काही जागांसमोर खांब येतो. तिकिटावर ‘ऑब्स्ट्रक्टेड’ लिहिलंय का ते बघा.

खालच्या रांगांत जाळीच्या पलीकडे बसलात तर फोन खिशात ठेवा. फाउल चेंडू गोळीसारखा येतो. पकडलात तर मात्र तो तुमचाच, क्रिकेटसारखा परत द्यावा लागत नाही.

पिशवी, पाणी, डबा

पिशवीचे नियम मैदानागणिक वेगळे. काही ठिकाणी फक्त पारदर्शक, काही ठिकाणी पाठीवरची सॅक अजिबात नाही. आदल्या दिवशी त्या संघाच्या संकेतस्थळावर बघून घ्या, कारण दारातून परत पाठवलं तर सामान ठेवायला जवळपास जागा मिळेलच असं नाही. रोख पैसे बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत.

आत शाकाहारी माणसाला शेंगा, प्रेट्झेल, नाचोज, ओरॅकल पार्कचे लसूण घातलेले फ्राइज एवढं मिळतं. पण आठवडाभर त्यावर राहाल तर पोट तक्रार करेल. चांगली बातमी अशी की पुष्कळ मैदानांवर घरचं खाणं आणि पाण्याची सीलबंद बाटली नेऊ देतात. पोळीचे रोल, दशम्या-चटणी, ठेपले पारदर्शक पिशवीत भरले की झालं. डाळ-भाताचा डबा नेऊ नका. काचेची आणि धातूची भांडी दारातच अडतात.

मैदानावर

दारं साधारण सामन्याआधी दीड तास उघडतात. त्या वेळी आत शिरा आणि आधी पूर्ण गोल चक्कर मारा, आपल्या जागेवर नंतर जा. तेव्हा वरच्या-खालच्या सगळ्या बाजू मोकळ्या असतात आणि पाहुण्या संघाचा फलंदाजीचा सराव पाहायला मिळू शकतो. मग ग्राहक मदत कक्षात जाऊन ‘पहिलाच सामना’ असं सांगा. पुष्कळ मैदानांवर फुकट प्रमाणपत्र देतात. मुलं असतील तर रविवार बघा, बऱ्याच ठिकाणी सामन्यानंतर मुलांना बेसवरून धावू देतात.

२०२३ मध्ये चेंडू टाकायला घड्याळ लावल्यापासून सामने सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आले. त्यामुळे सातचा सामना पाहून शेवटची गाडी गाठता येते. पण बेसबॉलमध्ये बरोबरी नसते. नऊ डावांनंतर समान असले की जादा डाव सुरू, आणि तो किती चालेल याचा नेम नाही.

पाऊस

छप्पर नसलेल्या मैदानावर पाऊस सुरू झाला की आधी ताडपत्री येते, मग थांबणं. दोन तास थांबूनही पुढे खेळ होऊ शकतो, म्हणून लगेच उठू नका. सामना पुढे ढकलला तर तिकीट नव्या तारखेला चालतं, पण तोवर तुम्ही तिसऱ्या राज्यात असता. यासाठी दोन तरतुदी करा. प्रत्येक शहरात शक्य तर मालिकेच्या पहिल्या दिवशी जा, म्हणजे दुसरा दिवस हाताशी राहतो. आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. बुडालेला सामना कधी कधी दुसऱ्या दिवशी दोन सामन्यांत भरून काढतात. कधी दोन्ही एका तिकिटावर, कधी दुपारचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं. तुमचं तिकीट कुठल्या सामन्याचं आहे ते रांगेत उभं राहण्याआधी वाचा.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा मुद्दाम रिकामा ठेवा, राहिलेल्या मैदानांसाठी. ऑक्टोबरवर भिस्त ठेवू नका: बाद फेरीत बाराच संघ जातात, तिकिटं कित्येक पटींनी महागतात, आणि तुमचं राहिलेलं मैदान त्या बारांत नसण्याचीच शक्यता जास्त.